अळत्याखालचे डाग

गोष्ट म्हणण्याइतकी ती मोठी नाही. एस.वाय.ची दुपारची बॅच होती, ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याचं साधं टायट्रेशन. पंखे गरगरत होते, कुणीतरी फोडलेल्या टेस्ट ट्यूबच्या काचा पायपुसण्याखाली सारल्या होत्या, आणि मी टेबलांमधून फिरत होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक मुलगी डाव्या हातानं ब्युरेटची तोटी सांभाळत, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत उभी होती. टेबलाखाली तिचा पाय हलत होता. कंटाळून हलवत असेल असं आधी वाटलं. मग टाचेचा आवाज कानात शिरला. तीन, चार. तीन, चार. तकिट तकधिमि. मिश्र चापू, नाचातला सात मात्रांचा ताल. मी तिच्या मागे थबकले. थेंब पडत होते ते त्यांच्या गतीनं, पाय चालला होता त्याच्या गतीनं, आणि दोघांचा एकमेकांना काही त्रास नव्हता. द्रावणात गुलाबी छटा आली, हलवल्यावर गेली, पुन्हा आली आणि टिकली. तोटी अगदी योग्य थेंबाला बंद झाली. वहीत आकडा लिहायला ती वळली आणि मी दिसले. पाय थांबला. दोन्ही पावलं जुळवून ती सावधानमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम."

रीडिंग अचूक होतं. मग सॉरी कशाबद्दल?

हा प्रश्न मला घरी येईपर्यंत आणि नंतरही बरेच दिवस छळत राहिला. मी काही रागावले नव्हते. माझा चेहरा मुळात जरा कडक आहे हे मान्य, पण त्या क्षणी मी बहुधा हसत असेन. पाय आपटणं हा प्रयोगशाळेतला गुन्हाही नाही. मुलं तिथे याहून बरंच काही करतात. तिला नेमकं काय पकडलं गेल्यासारखं वाटलं, ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते टोचत होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मीही याच शहरात अशीच दोन्ही पावलं जुळवून कितीदा उभी राहिले असेन.

तेव्हा माझा दिवस दोन इमारतींमध्ये वाटलेला असायचा. सकाळपासून सायन्स फॅकल्टी आणि संध्याकाळी, भरतनाट्यम शिकायला, सूरसागर तळ्याच्या काठचं म्युझिक कॉलेज. त्याचं अधिकृत नाव फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, पण बडोद्यात रिक्षावाल्याला ते नाव सांगून पाहा. मधला रस्ता सायकलचा: काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा, जुबिली बाग. पुलावर सायकल आपोआप हळू व्हायची. खाली काठावर मगर पहुडलीय का हे न बघता पुढे जाणारा बडोदेकर मला अजून भेटायचाय. रावपुऱ्यात गर्दी सुरू झाली की उतरून हातात धरून चालवायची. तळ्यातली महादेवाची मूर्ती तेव्हा उभी नव्हती, त्यामुळे सूरसागर आतापेक्षा मोठा वाटायचा आणि पलीकडच्या काठावरचे दिवे सरळ दिसायचे. तळ्याकडून शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा वास यायचा. तो आला की पोटात एक गोळा यायचा, कारण उशीर झालेला असायचा. कायम झालेला असायचा. साडेपाचचा वर्ग आणि पाच वाजता संपणारं प्रॅक्टिकल, यात पिपेट-ब्युरेट धुऊन उलटी लावायचा वेळ कुणी धरलेला नव्हता.

मी पोचायचे ती वास घेऊनच. क्षारांचं पृथक्करण असायचं त्या दिवशी किप्सच्या उपकरणातला हायड्रोजन सल्फाइड केसांत बसलेला असायचा. कुजक्या अंड्यांचा वास म्हणून पुस्तकात जे लिहितात, तो. वर्गातल्या मुली न बोलता हातभर सरकायच्या. नाच शिकवणाऱ्या आमच्या ताई मात्र तोंडावर काही दाखवायच्या नाहीत. समोरच्या लाकडी ठोकळ्यावर काठी ठोकता ठोकता एवढंच विचारायच्या, "आलं का तुझं गंधक?" आणि मी साडीच्या ओच्याला गाठ मारत मागच्या रांगेत अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसायचे.

वासापेक्षा वाईट होते डाग. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर लागताना कळतही नाही, पाण्यासारखं दिसतं. उन्हात गेलं की तासाभरात बोटं काळी-तपकिरी. साबण, लिंबू, राख, काही चालत नाही. कातडीचा तो पापुद्रा झडेल तेव्हाच डाग जातो. आणि भरतनाट्यम म्हणजे तर सगळी नजर बोटांवर. पताक ही हस्तमुद्रा उघडली की चार काळी टोकं, कमळाची अलपद्म मुद्रा फिरवली तर पाकळ्यांना कीड लागल्यासारखी. कार्यक्रमाच्या दिवशी प्रश्न नसायचा. बोटांच्या टोकांना लालभडक अळता चढला की खाली काय आहे हे प्रेक्षकाला कळायचं कारण नाही. पण अळता कार्यक्रमाला लावतात. सरावाला कोण लावतं? वर्षातून दोनदा मी लाल बोटांची नर्तिका असायचे आणि उरलेलं वर्ष काळ्या बोटांची विद्यार्थिनी. उलटा प्रकारही व्हायचा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी लाल बोटांनी पिपेट धरली की डेमॉन्स्ट्रेटर विचारणार, "लगन हतुं?" मी हो म्हणून टाकायचे. चुलत बहिणींची किती लग्नं मी अशी त्या प्रयोगशाळेत लावून टाकली, याचा हिशेब नाही.

घरी विरोध होता असं लिहिलं तर गोष्ट रंगेल, पण विरोध नव्हता. बाबा कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टला. बडोद्यातल्या आमच्यासारख्या अनेक घरांत रसायनशास्त्र हा विषय नव्हता, तो महिन्याचा पगार होता. रिफायनरी, खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल, औषधं. पश्चिमेचा वारा सुटला की आई नुसत्या वासावरून सांगायची आज कुणाकडचं आहे. मुलीनं केमिस्ट्री घ्यावी यात कुणाला काही ठरवावंच लागलं नाही. नाचाची अडचण होती ती आजीची, तीही वेगळीच. तिला ते 'मद्राशी नाचणं' वाटायचं. आपलं नाही ते कशाला? मग एके दिवशी ताई दांडिया बाजारात आमच्याकडे आल्या, पोहे खाल्ले आणि आजीला त्यांनी अर्धा तास इतिहास ऐकवला. सयाजीराव महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्याच आपल्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि साथीदारांचा ताफा बडोद्याला आला आणि संस्थानच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलावंतांच्या खात्यात, रुजू झाला. त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजावरकर पुढे म्युझिक कॉलेजात शिकवायला होते. आणि तंजावर तरी कुणाचं? भोसल्यांचं. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो मार्गम, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा ठरलेला क्रम, आज जगभर नाचतात, तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी जिथे बसवला, त्या दरबारात दुसरे सरफोजीराजे होते, आणि त्या राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. आजीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सुनेबरोबर माहेरहून आलेलं आहे," ती म्हणाली, आणि विषय संपला. माहेरहून आलेल्या गोष्टीला आमच्या घरात कुणी नाव ठेवत नसे.

बाबांशी वाद व्हायचा तो वेगळा, आणि त्यात आम्ही दोघंही एकाच माणसाला साक्षीला बोलवायचो. सी. व्ही. चंद्रशेखर. ऐंशीच्या दशकात ते बडोद्याच्या नृत्य विभागात आले, पुढे फॅकल्टीचे डीन झाले आणि १९९२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याबद्दल नर्तकांपेक्षा नर्तकांच्या पालकांना जास्त आवडणारी माहिती अशी, की त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. बाबा म्हणायचे, "बघ, एवढा मोठा कलाकार, पण आधी एम.एस्सी. केलं." मी म्हणायचे, "बघा, एम.एस्सी. करूनसुद्धा ते नाचतात." खरं तर ते लहानपणीच मद्रासच्या कलाक्षेत्रात दाखल झाले होते, त्यामुळे आधी आणि नंतर हा हिशेब दोघांचाही चुकीचा होता. पण घरातल्या वादात तारखा कोण तपासतं? २०११ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा बाबांनी पेपर माझ्यासमोर ठेवला आणि 'वनस्पतिशास्त्र' असा एकच शब्द उच्चारला. २०२४ च्या जूनमध्ये चेन्नईत ते गेल्याची बातमी आली तेव्हा मात्र वाद घालायला बाबा नव्हते.

आमच्या गुजरातेत दुसरं उदाहरण नेहमी दिलं जातं ते साराभाईंचं. विक्रम साराभाईंची भौतिकी प्रयोगशाळा १९४७ ची, त्यांच्या पत्नी, नर्तकी मृणालिनीबेनची दर्पण अकादमी १९४९ ची. एकाच घरात अवकाशविज्ञान आणि भरतनाट्यम, केवढा सुंदर मेळ, वगैरे. मला ते उदाहरण कधी उपयोगी वाटलं नाही. तिथे कामाची वाटणी झालेली होती. विज्ञान एकाकडे, नृत्य दुसरीकडे. एकाच बाईला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं करायचं असतं तेव्हा तो मेळ कसा दिसतो, हे त्यातून कळत नाही. आणि आता तर बडोद्यात कुणी काही विषय बदलायचा म्हटला की वेंकी रामकृष्णन यांचं नाव निघतं. आमच्याच विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि २००९ मध्ये नोबेल घेतलं ते रसायनशास्त्राचं. माझ्या सहकाऱ्याच्या मते यावरून असं सिद्ध होतं, की नोबेल हवं असेल तर केमिस्ट्री शिकू नये.

पण मला सांगायचं होतं ते नवरात्राबद्दल.

बाहेरगावचे लोक विचारतात तेव्हा त्यांना पटत नाही, पण या शहरात नाचणं ही चैन नाही, सवय आहे. नऊ रात्री मैदानं भरतात. अनवाणी, तासन् तास, गाणाऱ्यांच्या मंचाभोवती वर्तुळात वर्तुळ. त्यात कोण नसतं? रिफायनरीतले इंजिनियर, हाडांचे डॉक्टर, बँकेतल्या बायका, सी.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली पोरं. आमचे एक अत्यंत रूक्ष फिजिकल केमिस्ट्रीचे सर होते, थर्मोडायनॅमिक्स शिकवताना वर्गाकडे पाठ करून फळ्याशीच बोलणारे. त्यांना मी केडियू घालून, डोक्याला फेटा बांधून गरब्यात गिरकी घेताना पाहिलंय. काय सुरेख घेत होते! दुसऱ्या दिवशी फळ्याशी बोलायला पुन्हा हजर. आम्ही मराठी पोरीही चणियाचोळी शिवून घ्यायचो, आणि मध्यरात्री पाय सुजवून घरी आल्यावर आई बादलीत कोमट पाणी आणि मीठ तयार ठेवायची. नवरात्रानंतर लगेच टेस्ट असायची. कुणी म्हणायचं नाही, अभ्यासाचं काय? नऊ दिवस ते विचारणंच गैर होतं.

आणि त्याच आईला दिवाळीनंतरच्या कुठल्याशा मंगळवारी मी क्लासला निघाले की कपाळावर आठी यायची. कार्यक्रम असेल तर ठीक. अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर एकल कार्यक्रम, असेल तर ती स्वतः पत्रिका वाटायला जाईल, मंडळातल्या सगळ्या बायकांना रिक्षा करून आणेल. पण कार्यक्रम नाही, परीक्षा नाही, कुणी बघणार नाही, अशा एका मंगळवारी दोन तास जाऊन तोच नाट्ट अडवू, म्हणजे पायाभूत पदन्यास, पहिल्या काळात, दुप्पट वेगाच्या दुसऱ्या काळात, चौपट वेगाच्या तिसऱ्या काळात करायचा आणि परत यायचं, हे तिच्या हिशेबात बसत नसे. "तो आला ना तुला आता?" ती विचारायची. काय सांगणार? आला होता. म्हणून तर करायचा होता.

नाचाला विरोध कुणाचाच नव्हता. मंगळवारला होता.

हे मला तेव्हा असं मांडता आलं नसतं. तेव्हा मला वाटायचं की भांडण विज्ञान आणि नृत्य यांच्यात आहे, आणि मी मध्ये सापडलेय. आता इतकी वर्षं मुलांना शिकवल्यावर दिसतं, की विज्ञानाचंही अगदी तेच होतं. पदवीला कुणाचा विरोध? पेढे वाटतात. पण टायट्रेशनची तीन सारखी रीडिंग येईपर्यंत चौथ्यांदा, पाचव्यांदा ब्युरेट भरणं, तेही एखाद्या अशा द्रावणासाठी ज्याचं उत्तर मागच्या बॅचनं भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, यात कुणाला रस असतो? तिथेही सगळे मधली रीडिंग बसवून मोकळे होतात. दोन्हीकडे मौल्यवान होती ती ही नीरस, साक्षीदार नसलेली वेळ, आणि ती नेमकी एकच होती. दुपारी चार ते सात. प्रेम दोन ठिकाणी असणं कठीण नव्हतं. चार ते सात या तीन तासांचे सहा करणं कठीण होतं.

लोकांना मात्र वेगळं ऐकायचं असतं. विभागात पाहुणे आले, माझी ओळख करून दिली गेली, की ठरलेलं वाक्य येतं: "पण मॅडम, नृत्यातसुद्धा किती विज्ञान आहे, नाही?" त्यांना मी हो म्हणावं असं वाटत असतं. जणू मी हो म्हटलं की माझ्या संध्याकाळी माफ होतील. मी या विषयावर वाचलेलं नाही असं नाही, आणि एक उदाहरण तर मला मनापासून आवडतं. बाराव्या शतकात आपल्या इथून उत्तरेला अणहिलवाड पाटणला जैन पंडित हेमचंद्राचार्य होते. त्यांनी छंदशास्त्रात एक प्रश्न सोडवला: लघु म्हणजे एक मात्रा, गुरु म्हणजे दोन, तर इतक्या मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? एका मात्रेची एकच रीत, दोनच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. युरोपात हीच माळ फिबोनाचीच्या नावानं ओळखतात, आणि तो यांच्यानंतरचा. आता आदि ताल आठ मात्रांचा. एक आणि दोन एवढेच तुकडे वापरून तो भरायचा म्हटला तर चौतीस रीती निघतात. आणि सूर्यफुलाच्या चकतीवर बियांचे जे सर्पिल असतात, ते मोजले तर पुष्कळदा एका दिशेला चौतीस आणि दुसऱ्या दिशेला पंचावन्न भरतात. ताल, छंद, वनस्पती, सगळं एका माळेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदानं उठून घरभर फिरले होते.

पण यातलं काहीही मला रावपुऱ्यातल्या गर्दीतून वेळेवर पोचवत नव्हतं. चौतीस रीती माहीत असून तीर्मानम, म्हणजे शेवटचा तुकडा, समेवर येत नाही. त्यासाठी तो शंभरदा चुकवावा लागतो. आणि अरमंडीत मांड्या थरथरायला लागल्यावर स्नायूत लॅक्टेट किती झालं हे ठाऊक असल्यानं त्या थरथरायच्या थांबत नाहीत. मला उलट वाटतं, की या दोन गोष्टींना एकमेकींची ओळखपाळख नव्हती हीच माझी चैन होती. प्रयोगशाळेत दिवस वाईट गेला, पदार्थाचा वितळणबिंदू दहा अंशांनी खाली आला, तरी संध्याकाळी पायांना त्याची खबर नसायची. आणि ताईंनी "हात कुठे बघतोय, डोळे कुठे बघतायत?" म्हणून सगळ्यांसमोर थांबवलं, तरी दुसऱ्या दिवशी बेंझोइक ॲसिडचे स्फटिक तितकेच पांढरेशुभ्र पडायचे. एकीकडच्या लाजेला दुसरीकडे शिरकाव नव्हता. त्यांच्यात पूल बांधला असता तर त्यावरून काय काय ये-जा करायला लागलं असतं, कुणास ठाऊक.

किंमत नव्हती असं मुळीच नाही. टी.वाय.ला असताना वर्णम बसवायला घेतला होता. वर्णम म्हणजे मार्गमचा कणा. अर्ध्या-पाऊण तासाची रचना, जतींमागून जती, म्हणजे तालाच्या बोलांवरचं नाचणं, मध्ये अभिनय, पुन्हा जती, आणि श्वास कुठे घ्यायचा हेही ठरवून घ्यावं लागतं. त्याच महिन्यात ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल आणि व्हायवा. मी रात्री भिंतीला टेकून पाय वर करून रिॲक्शन मेकॅनिझम वाचायचे, म्हणजे सूजही उतरेल आणि पानंही. पदवीला फर्स्ट क्लास मिळाला, डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं. वर्णम झाला, लोकांनी कौतुक केलं, पण माझ्याबरोबर शिकणारी एक मैत्रीण, जिनं त्या वर्षी दुसऱ्या कशात फारसं लक्षच घातलं नव्हतं, ती ज्या सहजतेनं तिसऱ्या काळात गेली, ती सहजता माझ्यात नव्हती. ते मला विंगेतून दिसलं. ताईंनाही दिसलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत. मी दोन्हीकडे मधल्या फळीतली राहिले. हे मी रडत सांगत नाहीये. मधल्या फळीतून दिसतंही बरंच. पण 'दोन्ही उत्तम सांभाळलं' असं माझ्याबद्दल कुणी म्हणतं तेव्हा मला हसू येतं. उत्तम कुठलंच नाही सांभाळलं. दोन्ही सांभाळलं, एवढंच. आणि एखाद्या संध्याकाळी, बहुधा पावसात, कुणाच्या तरी खिडकीतून मृदंगम ऐकू आला की तीच एक जागा दुखते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या पोराला ऑर्बिटल खरंच कळलं की दुखायची थांबते. यात न्याय कुठे झाला आणि अन्याय कुठे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या मुलीला मी बोलावलं नाही. तू नाचतेस का, कुठे शिकतेस, असं काही विचारावं असं फार वाटत होतं, पण शिक्षकानं आपली जुनी हौस विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवू नये असं माझं मत आहे. नंतर नव्या सेमिस्टरच्या बॅचेस लावायचं काम माझ्याकडे आलं आणि अर्जांच्या गठ्ठ्यात तिचा अर्ज निघाला. मंगळवार आणि गुरुवारची दुपारची बॅच बदलून सकाळची मिळावी. कारण: वैयक्तिक. त्याच गठ्ठ्यात पादऱ्याहून येणाऱ्या एका मुलाचा अर्ज होता. त्याला पाचची बस चुकली तर घरी पोचायला रात्र होते आणि म्हशींचं दूध काढायला वडील एकटे पडतात. त्यानं तसं स्पष्ट लिहिलं होतं, दोन ओळींत. एक मुलगी संध्याकाळी शिकवण्या घेते. एकजण मेडिकल स्टोअरमध्ये बसतो. सकाळच्या बॅचमध्ये जागा मोजक्या. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे विज्ञानाच्या मुलांना दुसऱ्या शाखेचे विषयही घेता येतात, कागदावर केमिस्ट्रीबरोबर कलेचे क्रेडिट्स मिळू शकतात. पण वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात शेवटी तोच आठवडा आणि तीच टेबलं असतात. शेजारी बसलेले सहकारी म्हणाले, "वैयक्तिक म्हणजे काय? सगळ्यांचंच वैयक्तिक असतं." बरोबर होतं त्यांचं. आवड ही एकच गोष्ट संध्याकाळ मागत नाही. म्हशीही मागतात, आणि त्यांना वाट पाहायला सांगता येत नाही. पादऱ्याच्या मुलाला मी दोन्ही दिवस सकाळचे दिले. शिकवण्यांवालीला मंगळवार. नाचणारीच्या वाट्याला गुरुवार आला. मंगळवारचं काय करायचं ते तिचं तिनं बघायचं आहे. 'वैयक्तिक'च्या जागी तिनं खरं कारण लिहिलं असतं तरी मी याहून वेगळं केलं नसतं, पण ते वाचायला मला आवडलं असतं.

विंगेतून जिला मी पाहिलं होतं, ती मैत्रीण आता कारेलीबागेत क्लास चालवते. पदवी झाल्यावर तिनं केमिस्ट्रीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचे गुडघे गेलेत, दोन्ही. भाड्याची जागा सारखी बदलावी लागते, कारण खालच्या मजल्यावरच्यांना धपधप सहन होत नाही. मला वाटायचं की तिला माझा हेवा वाटण्यासारखं काही नसेल. परवा चहा पिता पिता ती म्हणाली, "तुला एक सांगू? मला तुझं पेन्शन हवं होतं." मी म्हटलं, मला तुझा तिसरा काळ हवा होता. दोघी हसलो, आणि मग जरा वेळ दोघींनाही काही सुचेना, तेव्हा तिनं लिलो चेवडो पुढे केला. सध्या आमचा एक व्यवहार चालू आहे. तिच्या मुलीला बारावीचं इक्विलिब्रियम कळत नाही, ते मी शिकवते. त्या बदल्यात रविवारी सकाळी तिच्या छोट्यांच्या वर्गाला मी ठोकळ्यावर ताल धरते, म्हणजे तिला खुर्चीत बसून पायांकडे बघता येतं. काल तिचा फोन आला, या रविवारी साडेसातलाच ये, कार्यक्रम जवळ आलाय. मी म्हटलं, अगं नाही जमणार, सोमवारी परत करायची जर्नलं तपासायची राहिलीत, अख्खा गठ्ठा आहे. "मग गठ्ठा घेऊन ये ना," ती म्हणाली, "तिस्र झाल्यावर पोरांना दहा मिनिटं पाणी प्यायला सोडते मी, तेवढ्यात पाच-सहा होतील." तिला वाटतं तितकी भराभर जर्नलं तपासून होत नाहीत. पण पिशवी भरून ठेवलीय.